'अज्ञात इसम' आणि रहस्याची उकल

रहस्यकादंबरीवर लिहिताना शेवट फोडायचा नाही, असा संकेत आहे. वाचकाच्या आनंदावर घाला येतो म्हणे. प्रस्तुत लेखात मी हा संकेत मोडणार आहे. खुनी कोण हे न सांगता तो वाचकाला कसा सांगितला गेला, याची चर्चा होऊ शकत नाही. ज्यांना तो आनंद राखून ठेवायचा असेल त्यांनी हा लेख बाजूला ठेवावा, माझी तक्रार नाही.

आपल्या समीक्षेने या साहित्यप्रकाराकडे ढुंकून पाहिलेले नाही. प्रवासात वाचायचे आणि गाडीतच सोडून उतरायचे पुस्तक, एवढीच त्याची किंमत केली. मला मात्र वाटते की सत्य कसे उघड होते, कोणाच्या देखत होते, कोणाच्या तोंडून होते आणि शेवटी ते कोणत्या कागदावर उतरते, हे प्रश्न या प्रकाराइतके उघडपणे दुसऱ्या कोणत्याही प्रकारात येत नाहीत. आणि हे प्रश्न गावकुसाबाहेरच्या माणसाचे आहेत. ते माझ्यापर्यंत पुस्तकातून आले नाहीत, एका कागदातून आले. म्हणून आधी त्या कागदाविषयी सांगतो.

१

२७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. आमचीही वस्ती त्यात जळाली. मी तेव्हा जन्मलो नव्हतो. माझ्या आजोबांनी पोलीस ठाण्यात जाऊन फिर्याद दिली. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी तोंडी सांगितले, समोरच्या माणसाने लिहून घेतले आणि आजोबांनी अंगठा दिला. फिर्यादीची नक्कल त्यांना मिळाली. ती त्यांनी घडी घालून पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाच्या खाली ठेवली. बावीस वर्षे ती तिथेच होती.

मी सातवीत असताना एके दिवशी त्यांनी ती काढली आणि म्हणाले, "वाच." मी वाचू लागलो. अक्षर वळणदार होते. तारीख, वेळ, ठाण्यापासूनचे अंतर, जळालेल्या वस्तूंची यादी, सगळे व्यवस्थित. मग एक ओळ आली : अज्ञात इसमांच्या जमावाने आग लावली.

आजोबा म्हणाले, "आन् नावं?"

"नावं नाहीत, आबा."

"नीट वाच. म्या सात नावं सांगितली व्हती."

मी पुन्हा वाचले. मागची बाजू वाचली. नावे नव्हती. आजोबांनी कागद माझ्या हातातून घेतला, अंगठ्याच्या ठशावर बोट ठेवले आणि बराच वेळ तसेच बसले. ज्या सात जणांची नावे त्यांनी सांगितली होती त्यांतले दोघे तेव्हाही गावात होते, रोज समोरून जात होते. साऱ्या गावाला ती नावे ठाऊक होती. फक्त कागदाला ठाऊक नव्हती.

पुढे महाविद्यालयात इंग्रजी विषय घेऊन शिकताना मी पाश्चात्त्य रहस्यकादंबऱ्या वाचू लागलो तेव्हा हा कागद माझ्या डोक्यात होता. रहस्यकादंबरीत गुन्हेगार कोणालाच ठाऊक नसतो आणि शेवटी तो कागदावर येतो. आमच्याकडे तो सर्वांना ठाऊक होता आणि कागदावर आला तेव्हा 'अज्ञात' झाला. त्यांच्या पुस्तकात रहस्याची उकल होते. आमच्या कागदाने उघड्या गोष्टीचे रहस्य केले.

२

इंग्रजी रहस्यकथेचा जो सुवर्णकाळ म्हणतात तो दोन महायुद्धांच्या मधला. त्या काळात उकल कशी सांगावी याचे नियमच तयार झाले. अमेरिकेत एस. एस. व्हॅन डाइन याने १९२८ मध्ये वीस नियम लिहिले. इंग्लंडात रोनाल्ड नॉक्स या कॅथलिक धर्मगुरूने १९२९ मध्ये दहा आज्ञा लिहिल्या. दोघांचा गाभा एकच : वाचकाशी प्रामाणिक राहा. डिटेक्टिव्हला जो धागा सापडेल तो वाचकालाही दिसला पाहिजे. उकल वाचल्यावर वाचकाने मागची पाने चाळावीत आणि 'हे तर माझ्या डोळ्यांसमोर होते' असे म्हणावे. अॅगाथा ख्रिस्तीच्या 'द मर्डर ऑफ रॉजर अॅक्रॉइड' (१९२६) या कादंबरीत कथा सांगणारा डॉक्टरच खुनी निघतो. तेव्हा हा वाचकाशी न्याय की दगाबाजी, यावर मोठा वाद झाला.

हा वाद मी जेव्हा प्रथम वाचला तेव्हा मला आश्चर्य वाटले. मेलेल्या माणसाला न्याय मिळाला का, असे कोणी विचारत नव्हते. वाचकाला न्याय मिळाला का, एवढेच विचारत होते. न्याय ही कल्पना खेळाच्या नियमापर्यंत खाली आणली गेली होती. पाने दोघांनाही सारखी वाटली गेली की झाले.

आणि या खेळात बसायला कोणाला परवानगी होती? व्हॅन डाइनच्या नियमांत एक नियम असा आहे की नोकराला खुनी दाखवू नये. कारण काय? तो संशय घेण्यास फार सोपा, आणि खुनी हा काही प्रतिष्ठेचा माणूस असला पाहिजे. वरवर पाहता हा नियम गरिबाच्या बाजूचा वाटेल. पण तो गरिबाला निर्दोष म्हणत नाही, बिनमोल म्हणतो. ज्याच्या असण्यालाच कथेत वजन नाही त्याच्या अपराधाला कोठून असणार? नॉक्सच्या आज्ञांत तर कथेत चिनी माणूस येता कामा नये अशीही एक आज्ञा आहे. त्याची बाजू घेणारे म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे, की त्या काळच्या स्वस्त कथांमध्ये प्रत्येक कटामागे एक कपटी चिनी उभा करण्याची खोड लागली होती, तिला वैतागून त्याने ही थट्टा केली. तरीही उपाय काय सुचला तो पाहा. खोटे चित्र दुरुस्त करा असे तो म्हणत नाही. माणसालाच दाराबाहेर ठेवा म्हणतो. हा उपाय आपल्याला नवा नाही.

शेवटचा प्रसंग ठरलेला असतो. दिवाणखान्यात सगळे जमतात. डिटेक्टिव्ह बोलू लागतो. एकेकाचे गुपित सांगतो आणि शेवटी एकाकडे बोट दाखवतो. त्या दिवाणखान्यात चहा आणून ठेवणारी बाई बोलत नाही. तिची साक्ष आधीच घेतलेली असते, वेळ किती वाजली होती एवढ्यापुरती. सत्य तिच्या देखत सांगितले जाते, पण तिला नव्हे. आणि गुन्हेगार पकडला गेला की घर पुन्हा पूर्वीसारखे होते. इथे उकल म्हणजे शुद्धीकरण. एक सडलेला माणूस काढला की व्यवस्था निर्मळ. व्यवस्थाच सडली असेल, ही शंका त्या दिवाणखान्याच्या दारातून आत येऊ शकत नाही.

३

पोलिसी कादंबरी या दिवाणखान्यातून बाहेर पडली, हा तिचा पहिला गुण. अमेरिकेत लॉरेन्स ट्रीटची 'व्ही अॅज इन व्हिक्टिम' १९४५ मध्ये आली आणि एड मॅकबेनने १९५६ मध्ये 'कॉप हेटर' लिहून ८७व्या ठाण्याची मालिका सुरू केली. इथे एकटा बुद्धिमान नायक नाही. पगारी माणसांचे एक ठाणे आहे. मॅकबेन तर पानावर पोलिसांचे छापील तक्ते आणि अहवालच जसेच्या तसे उतरवतो. त्यामुळे उकल सांगण्याची पद्धत मुळातच बदलली. दिवाणखान्यात डिटेक्टिव्हला सगळे आधी कळलेले असते आणि तो वाचकापासून ते दडवून ठेवतो. पोलिसी कादंबरीत वाचक पोलिसांच्या बरोबरीने चालतो. त्यांना आज जे कळले ते त्यालाही आजच कळते. उकल एका सभेत होत नाही. ती थेंबाथेंबाने होते. एखादा फोन, जुना फोटो, विसरलेली नोंद, आणि बऱ्याचदा निव्वळ योगायोग.

सिमेनॉनचा मेग्रे १९३१ पासून पुस्तकांत येऊ लागला. त्याच्याकडे उकल बहुधा कबुलीजबाबातून येते. रात्रभर खोलीत बसवून, खायला-प्यायला मागवून, हळूहळू तो माणसाला बोलता करतो. वाचकाला पुरावा कमी मिळतो, माणूस जास्त कळतो. हे वाचताना मन हेलावते हे मी नाकारत नाही. पण आपल्याकडे चौकीत रात्रभर बसवण्याचा अर्थ काय होतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला मेग्रेच्या खोलीतही थोडे अस्वस्थ वाटते. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम २५ नुसार पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नव्हता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हे तत्त्व कायम आहे. हा कायदा केला इंग्रज सरकारने, पोलीस ज्यांच्या हुकमाखाली होते त्याच सरकारने. आपल्या पोलिसाच्या खोलीत सत्य कसे बाहेर येते, याची त्यालाही खात्री नव्हती. मेग्रेच्या कादंबरीचे शेवटचे प्रकरण आपल्या न्यायालयात वाचून दाखवता येणार नाही.

४

पोलिसी कादंबरीला खरी वैचारिक धार दिली ती स्वीडनच्या माय शोवाल आणि पेर वालो या जोडप्याने. दोघेही मार्क्सवादी. १९६५ ते १९७५ या काळात त्यांनी मार्टिन बेक या पोलीस अधिकाऱ्यावर दहा कादंबऱ्या लिहिल्या. प्रत्येकीत तीस प्रकरणे, म्हणजे सगळी मिळून तीनशे प्रकरणांचे एकच पुस्तक. या साऱ्या मालिकेला त्यांनी 'एका गुन्ह्याची कादंबरी' अशा अर्थाचे नाव दिले. गुन्हा एकच, दहा खुनांच्या मागचा : कल्याणकारी म्हणवणाऱ्या राज्याने आपल्या दुबळ्या माणसांशी केलेला.

'रोझअॅना' (१९६५) या पहिल्या कादंबरीत कालव्यातून एका तरुणीचे प्रेत निघते. ती कोण हे कळायलाच कितीतरी काळ जातो. खुनी कोण हे कळते, पण पुरावा नसतो. 'द लाफिंग पोलिसमन' (१९६८) मध्ये स्टॉकहोममध्ये एका बसमध्ये नऊ माणसे गोळ्या घालून मारली जातात. त्यांत एक तरुण पोलीस आहे. तो एका जुन्या, दप्तरात धूळ खात पडलेल्या खुनाचा तपास स्वतःच करत होता, हे हळूहळू उलगडते. म्हणजे नव्या खुनाची उकल जुन्या, बंद केलेल्या कागदात दडलेली आहे.

पण माझ्या मते त्यांची सर्वांत महत्त्वाची कादंबरी 'द अबॉमिनेबल मॅन' (१९७१) ही आहे. स्टिग नीमन हा वरिष्ठ पोलीस अधिकारी रुग्णालयात आजारी असताना संगिनीने क्रूरपणे मारला जातो. पोलिसातलाच माणूस मेला म्हणून सगळे खाते हादरते. बेक आणि त्याचे सहकारी त्याच्या वैऱ्यांचा शोध घेऊ लागतात आणि त्यांच्यासमोर त्याच्याविरुद्ध नागरिकांनी केलेल्या तक्रारींचा गठ्ठा येतो. मारहाण केल्याच्या, छळ केल्याच्या तक्रारी. प्रत्येकीचा शेवट एकच : दखल घेण्याचे कारण नाही.

खुनी निघतो एक माजी पोलीस, एरिकसन. त्याच्या बायकोला मधुमेह होता. ती रस्त्यात कोसळली असता पोलिसांनी तिला दारू प्यालेली समजून कोठडीत टाकले. इन्सुलिनवाचून ती तिथेच मेली. त्याने तक्रार केली. तिचेही तेच झाले. अखेर तो बंदुका घेऊन इमारतीच्या छपरावर चढतो आणि खाली दिसेल त्या पोलिसावर गोळ्या झाडतो.

इथे उकल कोठून झाली? ठसे, राख, घड्याळाचे काटे यांतून नव्हे. उकल त्या गठ्ठ्यात होती. ती कायम तिथेच होती, क्रमांक घातलेली, शिक्का मारलेली. कोणी लपवली नव्हती. फक्त ज्यांनी वाचायची त्यांनी ती वाचली नव्हती. वाचकाला हे कळते तेव्हा 'हे तर माझ्या डोळ्यांसमोर होते' हे जुने वाक्य पोलीस खात्याला म्हणावे लागते. नॉक्सची आज्ञा त्यांनी अशी उलटी करून खात्यालाच लावली. हे मी वाचले त्या दिवशी मला पत्र्याची पेटी आठवली.

एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. मेलेली ती बाई कादंबरीत स्वतः बोलत नाही. तिचे मरण नवऱ्याच्या सुडाचे कारण म्हणून येते. आणि सत्य वाचणारा डोळा शेवटी पोलिसाचाच राहतो. बेक भला माणूस आहे, म्हणून गठ्ठा उघडला गेला. भला माणूस नसता तर? लेखकद्वयाला हा प्रश्न पडलेला दिसतो, पण पोलिसी कादंबरीच्या चौकटीत त्याचे उत्तर मावत नाही.

५

हा प्रश्न ज्याने वेगळ्या बाजूने हाताळला तो चेस्टर हाइम्स. १९७२ मध्ये दलित पँथर स्थापन झाली तेव्हा तिने अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतले. तेव्हापासून आपल्याकडे काळ्यांच्या साहित्याची चर्चा होते. रिचर्ड राइट, जेम्स बाल्डविन ही नावे त्या चर्चेत जेवढी येतात तेवढे हाइम्सचे येत नाही. पोलिसी कादंबऱ्या लिहिणारा म्हणून आपणही त्याला मागच्या रांगेत बसवले की काय?

हाइम्स १९०९ मध्ये जन्मला. सशस्त्र दरोड्याच्या गुन्ह्यात १९२८ मध्ये त्याला वीस ते पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. ओहायोच्या तुरुंगातच तो लिहू लागला आणि १९३६ मध्ये पॅरोलवर सुटला. पन्नाशीच्या दशकात अमेरिका सोडून तो फ्रान्सला गेला. तिथे मार्सेल द्युआमेल या संपादकाने त्याला पोलिसी कादंबरी लिहायला सांगितले. त्यातून न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातले दोन काळे पोलीस जन्मले : ग्रेव्ह डिगर जोन्स आणि कॉफिन एड जॉन्सन. त्यातल्या पहिल्याच कादंबरीला १९५८ मध्ये फ्रान्सचा पोलिसी साहित्याचा मोठा पुरस्कार मिळाला. १९८४ मध्ये तो स्पेनमध्ये वारला.

'द रिअल कूल किलर्स' (१९५९) पाहा. हार्लेममध्ये रस्त्यावर एक गोरा माणूस, गेलन, गोळी लागून मरतो. त्याच्यामागे पिस्तूल घेऊन धावणारा काळा तरुण पकडला जातो, पण त्याच्या पिस्तुलात नुसते आवाज करणारे बार होते. गोऱ्या अधिकाऱ्यांना कोणीतरी काळा खुनी हवा आहे, आणि लवकर हवा आहे. डिगर शोध घेतो आणि त्याला कळते की हा प्रतिष्ठित गेलन काळ्या गरीब मुलींना पैसे देऊन चाबकाने मारण्याचा शौक करत होता. पुढचा बळी कॉफिन एडची मुलगी होणार होती. तिच्या मैत्रिणीने, एका कोवळ्या मुलीने, तिला वाचवण्यासाठी त्याला मारले. सरकारी कागदावर मात्र खून एका मेलेल्या टोळीनायकाच्या नावावर जातो. डिगर त्या मुलीला अटक करत नाही आणि कागदही दुरुस्त करत नाही.

म्हणजे या कादंबरीला दोन उकली आहेत. एक वरिष्ठांसाठी, वृत्तपत्रांसाठी, फाइलसाठी. दुसरी डिगर, ती मुलगी आणि वाचक यांच्यासाठी. खरी उकल कागदावर येत नाही. आमच्या घरच्या कागदावरही खरी नावे आली नव्हती. मग फरक काय? फरक आहे, आणि तो मूलभूत आहे. आमच्या कागदाने बलवंताला 'अज्ञात' ठेवले. डिगरने दुर्बलाला अज्ञात ठेवले. लेखणी तीच, लबाडीही तीच, पण ती कोणाच्या संरक्षणासाठी वापरली, यावर तिचे नैतिक मूल्य ठरते. 'सत्य सांगावे' एवढ्या एका वाक्यावर जगणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की सत्य सांगण्याची ताकद ज्याच्या हातात आहे, त्याने कोणते सत्य कोणापुढे ठेवले हाही सत्याचाच भाग असतो.

दहा वर्षांनी, १९६९ मध्ये, 'ब्लाइंड मॅन विथ अ पिस्टल' आली. त्यात खून होतात, दंगल होते, दोन्ही पोलीस धावपळ करतात, आणि काहीच उकलत नाही. गोऱ्या माणसाच्या खुनाचा तपास खोलवर करू नका, असे वरूनच सांगितले जाते. दंगल कोणी सुरू केली, या प्रश्नाला डिगर जे उत्तर देतो ते गुलामांना मुक्त केले पण त्यांच्या पोटाची व्यवस्था केली नाही, त्या काळापर्यंत मागे जाते. वरिष्ठाला एक नाव हवे असते. हा त्याला शंभर वर्षे सांगतो. शेवटी एक आंधळा माणूस रेल्वेच्या डब्यात पिस्तूल झाडतो आणि पुस्तक संपते. वाचक फसवला गेल्यासारखा होतो. व्हॅन डाइनच्या नियमांनुसार ही दगाबाजीच आहे. माझ्या मते हा पोलिसी कादंबरीतला सर्वांत प्रामाणिक शेवट आहे. जिथे गुन्हेगार एक माणूस नाही तिथे एका माणसाकडे बोट दाखवणे, हीच खरी दगाबाजी.

हाइम्सची पूजा करावी असे माझे म्हणणे नाही. त्याचे दोन्ही नायक आपल्याच वस्तीतल्या माणसांना बेदम मारतात. कोणाकडून काही काढून घ्यायचे तर थप्पड आणि पिस्तूल हीच त्यांची पद्धत. त्याच्या स्त्रिया बऱ्याचदा पुरुषाच्या नजरेसाठी उभ्या केलेल्या आहेत. आपल्यातला माणूस खाकी वर्दीत गेला म्हणजे वर्दी आपली झाली, असे होत नाही, हे त्याला ठाऊक होते. पण ठाऊक असूनही तो त्या मारहाणीत रमतो.

६

आता आपल्याकडे वळू. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड यांनी मराठी माणसाच्या कित्येक पिढ्यांना वाचनाची गोडी लावली. तालुक्याच्या वाचनालयातल्या त्यांच्या फाटक्या प्रती मीही अधाशासारख्या वाचल्या. वेगाने कथा सांगण्याची त्यांची हातोटी मी मानतो. पण त्या कथांतले जग वाचताना मला आमची वस्ती कधी दिसली नाही, ना खुनी म्हणून, ना बळी म्हणून.

वस्ती दिसली ती दुसऱ्याच पुस्तकांत. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) हे आत्मकथन रहस्यकथेच्या शेजारी ठेवून वाचा. १८७१ च्या कायद्याने सबंध जमातीच गुन्हेगार ठरवल्या, पुढे त्याची व्याप्ती वाढत गेली, आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो शिक्का कायद्याने पुसला गेला. पोलिसाच्या मनातून पुसला गेला नाही. चोरी कोठेही झाली तरी पोलीस आधी या वस्तीत येणार. इथे उकल गुन्ह्याच्या आधीच तयार असते. तपास नंतर होतो, झाला तर. रहस्यकथेला लागणारी पहिली वस्तू म्हणजे संशय सर्वांवर सारखा वाटलेला असणे. जातिव्यवस्थेत संशयसुद्धा सारखा वाटला जात नाही. दलित आणि भटक्या-विमुक्त लेखकांनी रहस्यकादंबरी का लिहिली नाही, याचे एक कारण मला इथे दिसते. आमच्या लिखाणाला रहस्य टिकवता येत नाही, कारण आम्हाला दडवायचे काही नसते. ज्यांना दडवायचे असते ते कागद लिहितात.

महाराष्ट्रात पोलीस तपास संपवून न्यायालयाला जो अंतिम अहवाल देतात त्याच्या तीन समरी प्रसिद्ध आहेत. 'अ' समरी म्हणजे गुन्हा खरा, पण तपास लागला नाही. 'ब' समरी म्हणजे फिर्याद हेतुपुरस्सर खोटी. 'क' समरी म्हणजे गैरसमजुतीने दिलेली फिर्याद, किंवा दिवाणी स्वरूपाची बाब. रहस्यकादंबरीचा शेवट कसा करायचा यावर पाश्चात्त्य टीकाकारांनी ग्रंथ लिहिले. आमच्या जगण्याचा शेवट या तीन अक्षरांत होतो. कार्यकर्त्यांना ही अक्षरे पाठ आहेत. साहित्याच्या विद्यार्थ्यांनीही ती पाठ करावीत. कारण 'गुन्हा खरा, गुन्हेगार अज्ञात' ही सुद्धा एक कथा आहे, तिलाही एक लेखक असतो.

मग दलित लेखकाने पोलिसी कादंबरी लिहावी का? मला वाटते, लिहावी, पण तिचा प्रश्न बदलून. 'कोणी केले' हे पहिल्याच पानावर सांगून टाकावे. आधी गुन्हेगार दाखवून मग तपास दाखवण्याची पद्धत इंग्रजीत जुनी आहे. ऑस्टिन फ्रीमनच्या 'द सिंगिंग बोन' (१९१२) मधल्या कथा तशाच आहेत. पण तिथे उत्सुकता एवढीच की बुद्धिमान डिटेक्टिव्ह त्याला कसा पकडेल. आमच्या कादंबरीत उत्सुकता वेगळी असेल : साऱ्या गावाला ठाऊक असलेले नाव कागदावर येईल का? ठाणे अंमलदाराची लेखणी कोठे थांबेल? साक्षीदार कोणत्या तारखेपर्यंत टिकेल? स्विस लेखक ड्युरेनमॅटच्या 'द प्लेज' (१९५८) या कादंबरीत लहान मुलींच्या खुन्याची वाट पाहत एक पोलीस अधिकारी आपले आयुष्य नासवतो. कित्येक वर्षांनी मरणाला टेकलेली एक श्रीमंत म्हातारी सहज सांगून टाकते की खुनी तिचा नवरा होता, तिला ते ठाऊक होते, आणि तो केव्हाच अपघातात मेला. ठाऊक असून गप्प बसलेली ती घरंदाज म्हातारी मला फार ओळखीची वाटते. आमच्या प्रत्येक गावात ती आहे, आणि ती एकटी नाही. अख्खे गाव तिच्यासारखे गप्प बसलेले असते. त्या गप्प बसण्याचा तपास करणारी कादंबरी मराठीत यायची आहे.

७

शेवटी पुन्हा त्या कागदाकडे येतो. फिर्याद लिहून घेतल्यावर ती फिर्यादीला वाचून दाखवावी, अशी तरतूद १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही होती. म्हणजे १९७८ मध्ये ती होती. आजोबांना कोणी वाचून दाखवले नाही. १९८९ च्या अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ मध्ये दुरुस्ती झाली आणि सही घेण्यापूर्वी फिर्याद वाचून दाखवणे हे लोकसेवकाचे स्पष्ट कर्तव्य ठरवले गेले. ते हेतुपुरस्सर टाळणे आता गुन्हा आहे. ही दुरुस्ती चळवळीने मिळवलेली आहे, कोणी दान दिलेली नाही.

माझ्या वर्गात दरवर्षी मी रहस्यकथा शिकवतो तेव्हा विद्यार्थ्यांना एक काम देतो. एखाद्या घटनेवर दोन पाने लिहा. एक पान ज्याच्यावर ती बेतली त्याच्या तोंडून, दुसरे ठाण्यातल्या नोंदीच्या भाषेत. दुसरे पान लिहिताना त्यांची लेखणी आपोआप 'इसम', 'सदर', 'अज्ञात' लिहू लागते. मग मी त्यांना थांबवतो आणि विचारतो, हा शब्द तुम्हाला कोणी शिकवला?

आजोबा २००४ मध्ये वारले. त्याआधी एकदा त्यांनी मला समोर बसवले आणि सातही नावे सांगितली. म्हणाले, "लिहून घे." मी लिहून घेतली. मग म्हणाले, "आता वाचून दाव." मी वाचून दाखवली. त्यांनी ऐकली, मान हलवली आणि कागदाच्या खाली अंगठा दिला. तो कागद कोणत्याही न्यायालयात चालणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण आमच्या घरात त्या रात्रीची उकल त्या कागदावर झाली. आता तो त्याच पेटीत, जुन्या कागदाच्या वर ठेवलेला आहे.